दम्याचा अटॅक: पहिल्या तासात कोणतं औषध, किती आणि कसं

रात्री अडीचला मूल उठून बसलंय, पोट उडतंय, छातीतून शिटीसारखा आवाज येतोय. अशा वेळी बहुतेक घरांत पहिली शोधाशोध गाडीच्या किल्लीची होते, 'वाफ द्यायला' न्यायचं म्हणून. त्याआधी दोन कामं करायची असतात. घड्याळात किती वाजले ते बघायचं आणि पंप, म्हणजे दम्याचा इनहेलर, हातात घ्यायचा. अटॅकवरची औषधं मोजकीच आहेत आणि पहिलं औषध घरात आणि दवाखान्यात एकच असतं. बिघडतं ते मात्रेत आणि वेळेत. कुणी एकच पफ (पंपाचा एक फवारा) देऊन 'याने काही होत नाही' म्हणतं, तर कुणी रात्रभर दर अर्ध्या तासाने पंप देत बसतं आणि उजाडल्यावर दवाखाना गाठतं.

खालच्या मात्रा सर्वसाधारण आहेत. तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद वेगळं सांगत असेल, तर तो कागद खरा.

आधी अटॅक केवढा आहे ते बघा

अटॅकमध्ये श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, आतलं अस्तर सुजतं आणि चिकट कफ साचतो. आवळलेले स्नायू पंपाने काही मिनिटांत सैल होतात. सूज मात्र स्टेरॉइडनेच उतरते आणि त्याला तास लागतात. म्हणून मोठ्या अटॅकला दोन वेगळी औषधं लागतात. पंपाने बरं वाटलं तरी चार तासांनी पुन्हा धाप का लागते, याचं उत्तरही यातच आहे.

मोठ्या माणसाला बोलायला लावा. पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर घरी सुरुवात करायला वेळ आहे. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, श्वास मिनिटाला ३० च्या वर किंवा नाडी १२० च्या वर असेल, तर अटॅक मोठा आहे. लहान मुलाच्या अंगातला सदरा काढून उजेडात छाती बघा. बरगड्यांमधली जागा आणि गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जातोय का, नाकपुड्या फुलतायत का, दूध ओढता येतंय का? श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर लहान मुलात हमखास चुकतं. १ ते ५ वर्षांत ४० च्या वर, त्यापुढच्या मुलांत ३० च्या वर म्हणजे मोठा अटॅक.

कोविडपासून बऱ्याच घरांत ऑक्सिमीटर पडून आहे, तो काढा. डिसेंबर-जानेवारीत नाशिक जिल्ह्यात निफाडकडे पारा एक आकडी होतो तेव्हा गार बोटावर तो चुकीचा आकडा दाखवतो. आधी हात चोळून गरम करा, नेलपॉलिश असेल तर पुसा. ९२ च्या खाली आकडा टिकून राहिला तर घरी थांबायचं नाही. मात्र ९५ दिसतोय म्हणून निर्धास्तही राहू नका. थकेपर्यंत जोर लावून शरीर आकडा टिकवून धरतं.

सगळ्यात फसवी खूण म्हणजे शिटी थांबणं. धाप तशीच आहे, माणूस गळून गेलाय, झोप येतेय म्हणतोय आणि छातीतला आवाज बंद झालाय, याचा अर्थ हवा आतबाहेर होतच नाहीये. ओठ निळसर-राखाडी होणं, बरळणं, मूल अंगावर मान टाकणं हेही तसंच. अशा वेळी १०८ ला फोन लावायचा आणि गाडी येईपर्यंत पंप चालू ठेवायचा.

आणखी एक. दम्याचा काहीच इतिहास नसलेलं दोन वर्षांचं पोर शेंगदाणे किंवा फुटाणे खाता खाता ठसकलं आणि लगेच घरघर सुरू झाली, तर तो दमा समजू नका. दाणा श्वासनलिकेत गेला असू शकतो. ते काम पंपाचं नाही, थेट रुग्णालयाचं.

पहिलं औषध: सॅलब्युटामॉलचा पंप

अस्थालिन या नावाने घरोघरी माहीत असलेला हा पंप. एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम सॅलब्युटामॉल असतं. लेव्होलिनमध्ये लेव्होसॅलब्युटामॉल ५० मायक्रोग्रॅम असतं. पफला पफ हिशोब तोच. ३ ते ५ मिनिटांत काम सुरू होतं, असर ४ ते ६ तास राहतो. पंपांचे रंग कंपनीगणिक बदलतात, म्हणून 'निळा दे' म्हणण्यापेक्षा नाव वाचा.

मोठी माणसं आणि ६ वर्षांवरची मुलं: स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची प्लास्टिकची पोकळ नळी) लावून ४ पफ, एकेक करून. चार-पाच मिनिटं थांबा. फरक नसेल तर आणखी देत एका फेरीत १० पफपर्यंत जाता येतं. अशी फेरी दर २० मिनिटांनी, पहिल्या तासात तीनदा.

५ वर्षांपर्यंतची मुलं: स्पेसर आणि मास्कने २ पफ. २० मिनिटांनी पुन्हा २, आणखी २० मिनिटांनी पुन्हा २. दोन तासांत ६ पेक्षा जास्त पफ लागतायत असं दिसलं की निघा. वर सांगितलेल्या मोठ्या अटॅकच्या खुणा सुरुवातीलाच असतील, तर एकेक करून ६ पफ द्या आणि देता देताच वाट धरा. एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर घरी तीन फेऱ्यांची वाट बघू नये.

लहान-मोठ्या सगळ्यांसाठी नियम असा: पहिल्या फेरीने श्वास मोकळा झाला आणि तीन-चार तास मोकळा राहिला तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवा. तीन-चार तासांच्या आत पुन्हा पंप लागला तर लगेच जा. 'तिसरी फेरी झाल्यावर बघू' हे शहरात चालून जाईल. सुरगाणा-पेठच्या पाड्यावर राहणाऱ्यांनी पहिली फेरी फुकट गेली की निघायला हवं, कारण घाटातला वेळ त्याच तासातून वजा होतो.

हात थरथरणं, छातीत धडधडणं हे या औषधाचे परिणाम. तासाभरात ओसरतात. अटॅकमध्ये त्यांना घाबरून मात्रा अर्धी करणं महागात पडतं. हृदयविकार असेल तर ही गोष्ट डॉक्टरांशी अटॅक नसताना बोलून ठेवा.

स्पेसर, आणि तो नसेल तर बाटली

नुसता पंप तोंडात धरून दाबला तर बरंचसं औषध घशावर आपटतं आणि पोटात जातं. धाप लागलेल्या माणसाला दाबणं आणि श्वास घेणं एका क्षणी साधत नाही. स्पेसरने ही अडचण सुटते.

१. टोपण काढा, पंपाच्या तोंडात काही अडकलंय का बघा. रोज पिशवीत फिरणाऱ्या पंपात सुपारीचा तुकडाही सापडतो. पंप उभा धरून ५ सेकंद जोरात हलवा. नवा असेल किंवा आठवडाभर वापरला नसेल तर आधी दोन पफ हवेत सोडा.

२. माणसाला बसवा, जरा पुढे वाकून. आडवं करू नका. पंप स्पेसरच्या मागच्या भोकात उभाच बसवा.

३. लहान मुलाच्या नाकातोंडावर मास्क घट्ट टेकवा. साधारण चार-पाच वर्षांपुढे मास्क काढून नळी दातांमध्ये, ओठ मिटलेले.

४. एकदाच दाबा. मुलाने पाच-सहा साधे श्वास घ्यायचे; स्पेसरमधला व्हॉल्व्ह (झडप) प्रत्येक श्वासाला हलताना दिसतो, तो मोजा. मोठ्या माणसाने सावकाश खोल श्वास घेऊन १० सेकंद रोखायचा, तेवढा दम नसेल तर पाच साधे श्वास.

५. अर्धा मिनिट थांबा, पंप पुन्हा हलवा, पुढचा पफ.

चौथी पायरी सगळ्यांत जास्त चुकते. घाईत दोन-तीन पफ एकदम स्पेसरमध्ये सोडले जातात आणि थेंब एकमेकांना व भिंतीला चिकटून फुफ्फुसात जाणारं औषध उलट कमी होतं. दुसरी चूक मास्कची. मूल रडतंय म्हणून मास्क दोन बोटं लांब धरला तर औषध जवळपास पोचतच नाही. मांडीवर पाठ आपल्या छातीला टेकवून बसवा, एका हाताने कपाळ धरा, दुसऱ्याने मास्क. अटॅक नसताना बाहुलीला 'पंप देण्याचा' खेळ खेळलेली मुलं या वेळी बरीच शांत राहतात.

स्पेसर महिन्यातून एकदा भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढा आणि तसाच निथळत ठेवा. फडक्याने पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज येते आणि औषध भिंतीला चिकटतं.

स्पेसर घरात नसेल तर ५०० मिलीची प्लास्टिकची पाण्याची बाटली चालते. दक्षिण आफ्रिकेत मुलांवर झालेल्या अभ्यासात नीट बंद केलेली अशी बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरली. बाटलीच्या बुडाशी पंपाचं तोंड टेकवून पेनाने त्याचा आकार काढा. तार तापवून त्या रेषेच्या किंचित आतून भोक पाडा, म्हणजे पंप घट्ट बसेल. वितळलेल्या कडा आत राहिल्या तर खरवडून काढा, बाटली साबणाच्या पाण्यातून काढून निथळू द्या. पंप बुडात, सभोवती चिकटपट्टी, आणि बाटलीचं तोंड माणसाच्या तोंडात. फट राहिली की सगळं औषध तिथून जातं, म्हणून चिकटपट्टीत कंजुषी नको. हे काम सवडीने करून ठेवायचं आहे, अटॅक आल्यावर नाही.

रोटाकॅपवाल्यांसाठी सूचना: कॅप्सूलची पूड ओढायला जोरदार श्वास लागतो आणि अटॅकमध्ये नेमका तोच नसतो. पाच वर्षांखालच्या मुलाला तर एरवीही जमत नाही. रोजचं औषध रोटाकॅपने चालू असलं तरी अटॅकसाठी घरात पंप आणि स्पेसर वेगळा असावा. रोटाकॅप गिळायची गोळी नव्हे, हे घरातल्या आजी-आजोबांना एकदा मुद्दाम सांगा.

'वाफ' म्हणजे काय

नाशकात नेब्युलायझरला, म्हणजे औषधाचं धुकं करणाऱ्या यंत्राला, सगळे वाफच म्हणतात, आणि त्या शब्दाने गोंधळ होतो. पातेल्यातल्या गरम पाण्याच्या वाफेने दम्याचा अटॅक जात नाही. धावपळीत मूल भाजण्याचा धोका मात्र असतो. नेब्युलायझरच्या धुक्यात सॅलब्युटामॉलच असतं. साध्या आणि मध्यम अटॅकमध्ये स्पेसरने दिलेले पुरेसे पफ तेवढंच काम करतात, तेही लवकर आणि विजेशिवाय.

यंत्र घरी असेलच तर मात्रा नीट बघा. ५ वर्षांपर्यंत २.५ मिलिग्रॅम, मोठ्या मुलांना आणि माणसांना २.५ ते ५. अस्थालिनचं २.५ मिलीचं रेस्प्यूल (तयार औषधाची प्लास्टिकची छोटी कुपी) म्हणजे बरोबर २.५ मिलिग्रॅम. बाटलीतलं द्रावण मात्र दर मिलीत ५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे अर्धा मिली घेऊन त्यात सलाइन घालून एकूण ३ मिली करायचं. इथे रेस्प्यूलचा हिशोब धरून २.५ मिली ओतलं तर पाचपट औषध जातं. साध्या पाण्याने पातळ करू नका, त्याने नळ्या आणखी आवळू शकतात.

बुडेसोनाइडचं रेस्प्यूल दिसायला तसंच असतं. ते स्टेरॉइड आहे, सूज कमी करायला हळूहळू काम करतं. रात्री चुकून फक्त तेच दिलं तर धाप कमी होत नाही. रेस्प्यूलच्या पट्टीवर मार्करने 'अटॅकचं' आणि 'रोजचं' असं लिहून ठेवा.

दोन औषधांचा एक पंप

२०१९ पासून जागतिक मार्गदर्शनात मोठा बदल झाला. मोठ्या माणसांनी आणि १२ वर्षांवरच्या मुलांनी केवळ सॅलब्युटामॉलवर दमा सांभाळू नये, सोबत श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड हवंच. नुसत्या सॅलब्युटामॉलने लक्षण झाकलं जातं, सूज वाढत राहते. वर्षात २०० पफचे तीन किंवा जास्त पंप संपत असतील तर मोठ्या अटॅकचा धोका वाढलेला असतो, बारावर गेले तर जिवाचाही. मेडिकलवाल्याकडून दर महिन्याला पंप घेणाऱ्यांनी हा हिशोब करून बघावा.

बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप, उदाहरणार्थ फोराकोर्ट २००, रोजही आणि त्रास झाला तरही वापरता येतो, कारण फॉर्मोटेरॉल काही मिनिटांत नळ्या मोकळ्या करतं. डॉक्टरांनी ही पद्धत दिली असेल तर त्रास झाला की एक पफ, दोन-तीन मिनिटं थांबून गरज असेल तर दुसरा. एका वेळी ६ च्या वर जाऊ नये. दिवसभरात रोजचे धरून १२ पफ ही मोठ्यांची मर्यादा. ६ ते ११ वर्षांच्या मुलांना १०० च्या पंपाचे ८. त्या मर्यादेजवळ पोचलात तर तो दवाखान्याचा दिवस. पफ घेतल्यावर चूळ भरा, नाहीतर तोंडात पांढरा थर येतो.

सेरोफ्लोसारख्या पंपात सालमेटेरॉल असतं. ते हळू चढतं, अटॅकवर चालत नाही. 'दोन औषधांचा पंप' म्हणून दोन्हींना एकाच माळेत ओवू नका.

स्टेरॉइडच्या गोळ्या

पहिल्या फेरीने मनासारखा फरक पडला नाही किंवा अटॅक सुरुवातीपासून मोठा आहे, तर प्रेडनिसोलोन लागतं. असर दिसायला चारेक तास लागतात, म्हणूनच ते लवकर सुरू व्हावं लागतं. मोठ्यांना दिवसाला ४० ते ५० मिलिग्रॅम, सकाळी जेवणानंतर, ५ ते ७ दिवस. मुलांना वजनाच्या किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम, ३ ते ५ दिवस. कमाल २ वर्षांखाली २०, २ ते ५ वर्षांत ३० आणि ११ पर्यंत ४० मिलिग्रॅम. घरी सुरू करायचं ते डॉक्टरांनी आधी लेखी सांगितलं असेल तरच. मुलांच्या बाबतीत निदान फोन तरी करा.

सिरपमध्ये फसगत होते. साध्यात ५ मिलीला ५ मिलिग्रॅम, फोर्टमध्ये ५ मिलीला १५. पंधरा किलोच्या मुलाला १५ मिलिग्रॅम द्यायचं तर साध्याचे १५ मिली, फोर्टचे ५. बाटली बदलली की चमच्यांचा आकडा बदलतो, मिलिग्रॅमचा नाही. दोन आठवड्यांच्या आतला कोर्स एकदम थांबवला तरी चालतो. मधुमेह असेल तर त्या दिवसांत साखर चढेल, रोज तपासा.

पाच दिवसांच्या स्टेरॉइडने शरीर खराब होत नाही. वर्षातून पुन्हा पुन्हा असे कोर्स लागतात तेव्हा मात्र हाडं, साखर, डोळे यांवर परिणाम होतो, आणि त्यावर उपाय रोजचा पंप हाच आहे. 'पंपाची सवय लागते' म्हणून तो टाळणारी माणसं शेवटी गोळ्यांमधून कितीतरी जास्त स्टेरॉइड खातात.

रुग्णालयात पुढे काय

त्र्यंबक रोडवरचं सिव्हिल असो, नाशिकरोडचं बिटको किंवा आडगावचं मेडिकल कॉलेज, तिथे पोचल्यावर पहिल्या तासाचा क्रम साधारण सारखाच असायला हवा. ऑक्सिमीटरवरचा आकडा मोठ्यांत ९३ ते ९५, मुलांत ९४ ते ९८ राहील इतका ऑक्सिजन देतात. सॅलब्युटामॉलसोबत इप्राट्रोपियम हे नळ्या मोकळ्या करणारं दुसरं औषध, मुलांना २५० आणि मोठ्यांना ५०० मायक्रोग्रॅम, पहिल्या तासात तीनदा. तासाभरात स्टेरॉइड, तोंडाने घेता येत असेल तर गोळी सुईइतकीच चांगली. एवढ्याने भागलं नाही तर मॅग्नेशियम सल्फेट शिरेतून २० मिनिटांत, मोठ्यांना २ ग्रॅम.

डॉक्टरांना तोंडी इतिहासापेक्षा एक चिठ्ठी जास्त उपयोगी: अटॅक किती वाजता सुरू झाला, कोणत्या पंपाचे किती पफ किती वाजता, स्टेरॉइडची गोळी दिली का, पूर्वी कधी अतिदक्षता विभागात होता का, ॲलर्जी कशाची.

डेरिफायलिनची सुई गावोगाव अजून मागितली जाते. ती घेतल्यावर 'छाती मोकळी झाली' असं वाटतं खरं, पण या गटातल्या औषधांचा फायदा कमी आणि मळमळ, धडधड, झटके यांचा धोका जास्त. अटॅकसाठी त्यांची शिफारस आता होत नाही. खोकल्याचं सिरप, सॅलब्युटामॉलचं पातळ औषध, ताप नसताना अँटिबायोटिक, माँटेलुकास्टची गोळी यांतलं काहीच अटॅक मोडत नाही. झोपेची किंवा 'घाबरायला होतंय' म्हणून शांत करणारी गोळी तर कधीच नको, ती श्वासाचा जोरच काढून घेते. अंगदुखीसाठी घेतलेलं ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक काहींना अटॅक आणतं. अर्धशिशीसाठीचं प्रोप्रॅनोलोल आणि काचबिंदूचे टिमोलोलचे थेंबही. मधमाशी चावून किंवा काही खाऊन अंगावर गांधी उठल्या, तोंड सुजलं आणि धाप लागली, तर तिथे मांडीत ॲड्रेनलिन लागतं, नुसत्या पंपाने भागत नाही. गरोदर बाईला हीच औषधं द्यायची; बाळाला औषधापेक्षा आईचा कमी झालेला ऑक्सिजन जास्त घातक.

घरी सोडताना रोजचा स्टेरॉइड पंप लिहून घेतल्याशिवाय निघू नका. मुलाला एक-दोन दिवसांत, मोठ्यांना आठवड्याच्या आत पुन्हा दाखवायचं.

आपल्याकडचं वर्ष आणि डबा

ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांत फवारण्या सुरू होतात, भुरी रोगासाठी गंधकाची धुरळणी होते. दमा असलेल्याने धुरळणीच्या दिवशी बागेत जाऊ नये, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. पाठोपाठ दिवाळीचे फटाके, मग थंडीत द्राक्षं वाचवायला पहाटे बागेत केलेला धूर. पावसाळ्यात गाजर गवत, कांद्याच्या चाळीतली धूळ आणि इगतपुरी-त्र्यंबकच्या ओल्या भिंतींवरची बुरशी. ज्याचा त्रास ठराविक महिन्यात वाढतो त्याने त्याआधी पंधरा दिवस डॉक्टरांना भेटून रोजच्या पंपाची मात्रा ठरवून घ्यावी.

अटॅकचं सामान एका डब्यात: पंप, स्पेसर, मास्क, लेखी कागद, पेन. एक संच शाळेत, वर्गशिक्षकांना वापरून दाखवलेला. मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीत पंप ठेवू नका. पंपातली औषधाची डबी पाण्यात तरंगवून औषध उरलंय का ते कळत नाही. २०० पफ संपल्यावरही फवारा येत राहतो, पण त्यात औषध नसतं. एका मोठ्या अटॅकच्या तीन फेऱ्यांत ३० पफपर्यंत जातात. काउंटर (उरलेल्या पफचा आकडा) असलेला पंप ४० वर आला की नवा आणून ठेवा. काउंटर नसेल तर डब्याच्या झाकणावर कागद चिकटवा आणि रोजच्या पफच्या उभ्या रेघा मारत जा, पाच-पाचच्या गटात.